शेतीशाळा, प्रात्यक्षिक, युवक प्रशिक्षण: नागपूर जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीनं तपासणी कशी करावी

कृषी विभागाच्या कामाचा हिशेब बहुतेक ग्रामपंचायती मार्चनंतर मागतात. तोवर बिलं निघालेली असतात आणि वावरात बघण्यासारखं काही उरलेलं नसतं. सोयाबीन सोंगून झाल्यावर प्रात्यक्षिक कोणत्या धुऱ्यापासून कोणत्या धुऱ्यापर्यंत होतं, हे कोण दाखवणार? म्हणून तपासणीचा पहिला कागद मे महिन्यातच हातात असावा. या हंगामात गावात कोणत्या योजनेतून, किती एकरांवर, कोणाच्या वावरात काय होणार, त्याची यादी म्हणजेच हा कागद.

आधी कोण कोणाच्या हाताखाली, ते समजून घ्या

इथं चुकलं की अर्ज टेबलांवरून फिरत राहतो. गावात शेतीचं काम दोन वेगळ्या यंत्रणा करतात. एक राज्याचा कृषी विभाग: सहायक कृषी अधिकारी (2025 पर्यंत यांना कृषी सहायक म्हणत, गावात अजूनही तेच म्हणतात), त्यांच्या वर उप कृषी अधिकारी म्हणजे पूर्वीचे पर्यवेक्षक, मग मंडळ कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी, उपविभागीय कृषी अधिकारी आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी. दुसरी यंत्रणा जिल्हा परिषदेची: कृषी विकास अधिकारी, आणि पंचायत समितीतले कृषी अधिकारी व विस्तार अधिकारी. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि आदिवासी शेतकऱ्यांसाठीची बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना या दुसऱ्या यंत्रणेकडून राबतात. शेतीशाळा (हंगामभर वावरातच भरणारे वर्ग), पीक प्रात्यक्षिकं, कीड सर्वेक्षण पहिल्या यंत्रणेकडे. या दोन योजनांतल्या विहिरीची तक्रार तालुका कृषी कार्यालयात आणि शेतीशाळेची पंचायत समितीत, असा उलटा टपाल फार होतो.

तिसरी यंत्रणा ‘आत्मा’, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा. अभ्यासदौरे, शेतकरी गट, युवकांची कौशल्य प्रशिक्षणं तिच्याकडे असतात. नियामक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि तालुक्याला शेतकरी सल्लागार समिती असते. ही सल्लागार समिती पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहते. तुमच्या तालुक्यात तिचे सदस्य कोण आणि शेवटची बैठक कधी झाली, हे विचारूनच सुरुवात करा. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं कृषी विज्ञान केंद्र वर्धा रोडवर आहे. ते जिल्हा परिषदेच्या हाताखाली नाही, त्यामुळे त्याला जाब विचारता येत नाही, पण मागणी नोंदवता येते. केंद्राची वैज्ञानिक सल्लागार समिती वर्षाचा कार्यक्रम ठरवते, त्याआधी ग्रामपंचायतीचं पत्र पोचलं तर उपयोग.

ग्रामसभेच्या हातात काय आहे

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार वर्षाला किमान 4 ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी कमी असेल ती. गावात काम करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांनी सभेला हजर राहायचं असतं. त्यांच्या वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन करून अनियमितता गटविकास अधिकाऱ्यांना कळवण्याचा अधिकारही ग्रामसभेला आहे. तो फारसा कोणी वापरत नाही. वापरायचा तर ‘काम समाधानकारक नाही’ एवढं लिहून भागत नाही. तारीख, गट क्रमांक आणि काय आढळलं, या तिन्ही गोष्टी इतिवृत्तात आल्या पाहिजेत.

रोजच्या कामाला मात्र ग्रामसभेपेक्षा ग्राम कृषी विकास समिती जास्त उपयोगी. अधिनियमाच्या कलम 49 खाली ती स्थापन होते. सरपंच अध्यक्ष, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) सचिव, सहायक कृषी अधिकारी सहसचिव. म्हणजे ज्यांचं काम बघायचं, ते त्याच टेबलावर बसलेले असतात. कागद मागायला हे बरं, पण तपासणीला समितीतल्या दोन शेतकरी सदस्यांनी वेगळं जावं आणि त्यांत एक तरी महिला असावी.

मे महिन्याच्या बैठकीत असा ठराव घ्या:

‘मौजे ... येथे खरीप हंगामात राबवावयाच्या शेतीशाळा, पीक प्रात्यक्षिके, प्रशिक्षणे व अभ्यासदौरे यांची योजनानिहाय यादी (शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, द्यावयाच्या निविष्ठा (बियाणे, खते, औषधे) व वाटपाची अपेक्षित तारीख यांसह) 15 जूनपूर्वी समितीस द्यावी व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. सहायक कृषी अधिकारी यांचा गावभेटीचा वार त्याच फलकावर लिहावा.’

प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या टपाल शाखेत द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पत्राला पोच नसते, पुढं त्याचा आधार धरता येत नाही.

यादी आली की नावं गेल्या दोन वर्षांच्या यादीशी ताडून बघा. प्रात्यक्षिक साधारण 10 हेक्टरच्या गटावर घेतात आणि एका शेतकऱ्याला 0.40 हेक्टर, म्हणजे एकराचं बियाणं-औषध मिळतं. त्या हिशेबानं गटात 25 नावं निघतात. 25 ऐवजी 9 घरांतलीच माणसं वेगवेगळ्या सातबाऱ्यांवर दिसली, तर ती गोष्ट पेरणीआधी बदलता येते, पेरणीनंतर नाही. रस्त्याकाठच्या वावरांचा भरणाही बघा. साहेबांची गाडी थांबायला ती सोयीची असतात. पण जमीन चिबड असलेल्या किंवा निव्वळ पावसावरच्या शेतकऱ्याला सल्ल्याची गरज जास्त, आणि तो सहसा आतल्या पांदण रस्त्यावर असतो.

वावरात काय बघायचं

हजेरीपट आणि बॅनरसमोरचा फोटो हा सभा झाल्याचा पुरावा. लोकांनी काही वेगळं केलं का, हे वावरातच कळतं. पीक बघून प्रश्न ठरवा.

सोयाबीनचं उत्तर पेरणीआधीच मिळतं. उगवणक्षमता चाचणीची मोहीम झाली म्हणतात, तर घरी ठेवलेलं बियाणं पेरणाऱ्या दहा जणांना विचारा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत 100 दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवड्याभरात कोंब मोजायचे. ज्यानं खरंच केलं, तो आकडा सांगतो: 74, 61, काहीतरी. ‘हो, चांगलं आहे बियाणं’ असं उत्तर आलं, तर चाचणी झालेली नाही. 70 च्या खाली आकडा असणाऱ्याला एकरी बियाणं वाढवायला सांगितलं का, हा पुढचा प्रश्न. वाटपाची तारीखही इथंच लिहून घ्या. पेरणी उरकल्यावर आलेलं बीजप्रक्रियेचं औषध कोपऱ्यातल्या फळीवर पडून राहतं आणि कागदावर मात्र वाटप 100 टक्के असतं.

पऱ्हाटीसाठी ऑगस्टपासून पुढं जा. गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) एकरी 2, म्हणजे हेक्टरी 5 हवेत. नुसते मोजून परत येऊ नका, सापळ्याच्या आतली वासाची वडी हातात घेऊन बघा. ती साधारण तीन आठवड्यांनी बदलावी लागते. जुनी, वाळलेली वडी असली की सापळा रिकामा राहतो आणि ‘आमच्याकडं अळी नाही’ असा खोटा दिलासा मिळतो. मग शेतकऱ्याला विचारा, फवारणी कधी करायची? लागोपाठ तीन रात्री सापळ्यामागं 8 पतंग, किंवा वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं फोडून त्यांतल्या 2 मध्ये अळी, हे उत्तर त्याच्या तोंडून आलं तर शेतीशाळा झाली. ‘कृषी केंद्रवाला सांगतो तेव्हा’ असं उत्तर आलं तर वर्ग भरले असतील, शाळा झाली नाही.

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर पट्ट्यात संत्र्याच्या डिंक्यावर (खोडातून डिंक गळण्याच्या रोगावर) प्रशिक्षणं होतात. त्याची तपासणी सगळ्यांत सोपी, कारण परिणाम खोडावर दिसतो. बोर्डो मलम (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर) पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत लावायचा असतो. रंग निळसर असतो. पांढराफटक खोड म्हणजे नुसता चुना, तांबडा म्हणजे गेरू. प्रशिक्षणाच्या यादीतल्या वीस बागा फिरून निळी खोडं मोजा.

मौदा, रामटेक, कुहीकडं धानाचं चारसूत्री प्रात्यक्षिक असेल तर रोवणीच्या आठवड्यातच जावं लागतं. दोरी लावून 15 आणि 25 सेंटिमीटरच्या आलटून-पालटून ओळी दिसल्या पाहिजेत, आणि चार चुडांच्या मधे युरिया-डीएपीची ब्रिकेट (खताची दाबून केलेली गोळी) खोचलेली. बांधीत पाणी भरून धान वाढलं की ब्रिकेट खोचली की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रत्येक प्रात्यक्षिकाला शेजारी तुलनेचा प्लॉट हवा, त्याच शेतकऱ्याचा, त्याच जमिनीतला, नेहमीच्या पद्धतीचा. तो नसेल तर उत्पादनवाढीचा आकडा कुठून आला, हे अहवाल लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

हजेरीपट बघताना तीन खुणा पुरतात. सगळ्या सह्या एकाच पेनानं, एकाच वळणाच्या. महिलेच्या नावापुढं दुसऱ्याची सही. आणि भर पेरणीच्या दिवशी दुपारी 12 वाजता 30 जण हजर. यांतल्या चार-पाच जणांना फोन करून तुम्ही होता का, एवढंच विचारा. शेतीशाळेचे वर्ग हंगामात साधारण सहा होतात, आणि तीच माणसं पुन्हा पुन्हा आली तरच तिला अर्थ आहे. दर वर्गाला नवी 25 नावं म्हणजे सहा वेगवेगळ्या सभा.

एक सांगायला हवं. सहायक कृषी अधिकाऱ्याकडं सहसा एकापेक्षा जास्त गावं असतात. गारपीट-अतिवृष्टीचे पंचनामे, शेतकरी ओळख क्रमांकाची कामं आणि महाडीबीटी या योजनांच्या अर्जांच्या पोर्टलवरच्या मोका (जागेवर जाऊन करायच्या) तपासण्याही त्याच्याच डोक्यावर. वडी बदलली नाही, कारण वरून वडी आलीच नाही, असं अनेकदा निघतं. त्यामुळे आढळलेली गोष्ट आधी त्याच्यासमोर ठेवा, साठा नोंदवही मागा, आणि निविष्ठा कुठं अडली ते बघूनच पत्र कोणाला लिहायचं ते ठरवा.

युवकांचे कार्यक्रम

इथं घोळ वेगळा. पैसा आणि प्रमाणपत्र बरोबर मिळतं, पण पुढं काही होत नाही. ‘आत्मा’कडून ग्रामीण युवकांची 7 दिवसांची कौशल्य प्रशिक्षणं होतात, एका तुकडीत साधारण 15 जण. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था बँक चालवते, तिथं राहणं-जेवणासकट मोफत शिकवतात आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा असतो. ‘उमेद’चं, म्हणजे बचत गटांच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं काम जिल्हा परिषदेच्या यंत्रणेतून चालतं. नेहरू युवा केंद्राची मंडळं आता ‘मेरा युवा भारत’खाली आहेत आणि ती केंद्राच्या युवक मंत्रालयाला जबाबदार, त्यामुळे ग्रामपंचायतीला तिथं फक्त सहभाग मागता येतो.

प्रशिक्षणाला नावं पाठवण्याआधी ग्रामपंचायतीनं तीन प्रश्न विचारावेत: या धंद्याला गावात गिऱ्हाईक किंवा माल आहे का, सुरुवातीला किती भांडवल लागेल, आणि बँकेनं या धंद्याला गेल्या वर्षी तालुक्यात एक तरी कर्ज दिलं का. भिवापूरला मिरचीवर प्रक्रिया, काटोलला संत्रा रोपवाटिका, कापूसपट्ट्यात फवारणी यंत्र दुरुस्ती यांना माल किंवा गिऱ्हाईक गावातच आहे. जिथं आठ किलोमीटरवर आधीच दोन दुकानं आहेत, तिथं मोबाईल दुरुस्तीची तिसरी तुकडी काढून काय मिळणार?

नंतर एक साधी वही ठेवा: नाव, प्रशिक्षण, संपल्याची तारीख, मग 3, 6 आणि 12 महिन्यांनी काय करतो. कर्जाचा अर्ज कोणत्या शाखेत, कोणत्या तारखेला दिला आणि परत आला तर कारण काय, हा रकाना विसरू नका. कारण ‘कोटेशन नाही’ असेल तर ते दोन दिवसांत सुटतं. ‘वडिलांचं पीककर्ज थकीत’ असेल तर ते प्रशिक्षणाआधीच कळायला हवं होतं.

2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी, आयटीआय-पदविका आणि पदवीधरांना दरमहा अनुक्रमे 6,000, 8,000 आणि 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं. ग्रामपंचायतीत असा प्रशिक्षणार्थी असेल तर त्याची हजेरी वेळेत पोर्टलवर चढवणं ही तुमची जबाबदारी. विद्यावेतन अडलं की मुलगा जिल्ह्याला चकरा मारतो आणि दोष बहुधा उशिरा चढवलेल्या हजेरीचा किंवा आधार न जोडलेल्या बँक खात्याचा निघतो.

उत्तर आलं नाही तर

15 दिवस वाट बघून तालुका कृषी अधिकाऱ्यांना स्मरणपत्र. मग पंचायत समितीच्या सरपंच समितीत विषय, आणि वर्षातून एकदा आमदारांच्या अध्यक्षतेखाली होणाऱ्या आमसभेत लेखी प्रश्न. आमसभेत तोंडी विचारलेलं गोंगाटात विरतं, लेखी प्रश्नाला विभागाला लेखी उत्तर द्यावं लागतं. जिल्हा परिषदेच्या योजनेचा प्रश्न असेल तर कृषी समितीकडे. परिषदेवर प्रशासक असेल तेव्हा समितीच नसते, त्या काळात पत्र मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे द्या.

तरीही कागद मिळाला नाही तर माहितीचा अधिकार. अर्ज ‘अ’ नमुन्यात, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत. महाराष्ट्रात ही मर्यादा आहे आणि बरेच अर्ज इथंच फेटाळले जातात. ‘सर्व योजनांची माहिती द्या’ असं लिहू नका. ‘मौजे ... येथील खरीप सोयाबीन प्रात्यक्षिकाचा हजेरीपट, निविष्ठा वाटप नोंदवही आणि अदा केलेल्या देयकांच्या छायांकित प्रती’ असं नेमकं लिहा. पानं खूप असतील तर आधी अभिलेख पाहणी मागा, पहिला तास मोफत असतो. 30 दिवसांत उत्तर नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपये शुल्क. त्यानंतर 90 दिवसांत दुसरं अपील, त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही, राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे.