आयबीएस आणि तंतुमय आहार : माझा अनुभव

आयबीएसचे (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे वारंवार पोटदुखी आणि शौचाची अनियमितता असणारा आतड्यांचा विकार) निदान झाल्यावर ‘तंतुमय पदार्थ वाढवा’ हा सल्ला मला अनेकांनी दिला. कोणते तंतू, हे मात्र फारसे कोणी सांगितले नाही, आणि सारा फरक तिथेच होता. मी आधी गव्हाचा कोंडा खात होतो; त्यातील तंतू मुख्यतः अविद्राव्य, म्हणजे पाण्यात न विरघळणारे असतात. त्यांचे खरबरीत कण आतड्याच्या अस्तराला चेतवतात, त्यामुळे माझी बद्धकोष्ठता थोडी हटली तरी पोटफुगी आणि कळा वाढल्या.

डॉक्टरांनी कोंडा थांबवून इसबगोल सुरू करायला सांगितले. इसबगोलाचे तंतू विद्राव्य असून पाण्यात फुगून त्यांचा बुळबुळीत गोळा होतो. आतड्यातील जिवाणू तो फारसा आंबवत नाहीत, म्हणून वायू कमी धरतो, आणि पाणी धरून ठेवण्याच्या गुणामुळे तो घट्ट मल मऊ करतो, तर पातळ मलाला बांधणीही देतो. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी या पचनविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही आयबीएससाठी विद्राव्य तंतूंचीच शिफारस आहे, अविद्राव्य तंतूंची नाही.

सुरुवात एका लहान चमच्याने केली आणि पोट सरावल्यावरच मात्रा हळूहळू वाढवली. प्रत्येक वेळी पेलाभर पाणी आवश्यकच, कारण कोरडे इसबगोल घशात अडकू शकते. इतर औषधे मी दोन तासांच्या अंतराने घेतो. काही आठवड्यांत शौचाची अनियमितता बरीच कमी झाली, पोटदुखी मात्र पूर्णपणे गेलेली नाही. मलात रक्त दिसत असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर हे प्रयोग बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी.