सोरायसिसच्या जुनाट चट्ट्यांवर औषधी पट्टी कशी लावावी

कोपर, गुडघा किंवा नडगीवर वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेल्या जाड चट्ट्यावर मलम फारसं टिकत नाही. ते कपड्याला पुसलं जातं आणि आत शिरतं थोडंच. स्टिरॉइडची औषधी पट्टी इथे उपयोगी पडते. तिच्याखाली त्वचेतलं पाणी उडून जात नाही, वरचा कठीण थर भिजून मऊ होतो आणि औषध खोलवर पोहोचतं. शिवाय खाजवणंही थांबतं. पण याच बंदिस्तपणामुळे शेजारची निरोगी त्वचा पातळ होऊ शकते. म्हणून पट्टी चट्ट्यापुरतीच कापणं हे यातलं सर्वांत महत्त्वाचं काम.

बीटामेथासोन व्हॅलरेट या स्टिरॉइडची पट्टी साधारण ७.५ बाय १० सेंटिमीटरची असते आणि तीत २.२५ मिलिग्रॅम औषध असतं. ती प्रौढांसाठी आहे आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच वापरायची. दिवसातून एकदा लावायची, २४ तास ठेवायची. एका दिवसात ६ पट्ट्यांपेक्षा जास्त नकोत आणि सलग ३० दिवसांपलीकडे जायचं नाही. चट्टे शरीराच्या ५ टक्क्यांहून जास्त भागावर असतील तर हा मार्ग नव्हे. बोटांसकट स्वतःचा तळहात म्हणजे अंदाजे १ टक्का, या मापाने घरीच अंदाज घेता येतो. चेहरा, काख, जांघ आणि जिथे जखम किंवा जंतुसंसर्ग आहे तिथे पट्टी लावू नये. गरोदर असाल, स्तनपान करत असाल किंवा मधुमेह असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

आंघोळीनंतरची वेळ उत्तम. भिजून सुटलेल्या खपल्या मऊ कापडाने अलगद निघतील तेवढ्याच काढा. नखाने खरवडल्या तर टिपके टिपके रक्त येतं आणि त्या इजेने चट्टा आणखी चिघळतो. केस असतील तर कात्रीने बारीक करा, वस्तरा नको. मग त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्या. तेल किंवा मॉइश्चरायझरचा अंश राहिला तर पट्टी चिकटतच नाही. बहुतेक वेळा ती सुटते ती यामुळेच.

चट्ट्याच्या आकाराची पट्टी कापा आणि कोपरे गोल करा. टोकदार कोपरा कपड्यात अडकून आधी उचलला जातो. मागचा कागद थोडा सोलून एका कडेपासून चिकटवत जा, सुरकुती पडू देऊ नका. कोपर किंवा गुडघा किंचित वाकवून पट्टी लावावी. सरळ ठेवून लावलेली पट्टी पहिल्याच हालचालीत ताणली जाते. कड सुटली तर अख्खी पट्टी बदलू नका, वरून साधी चिकटपट्टी लावा. अंगावर असताना पट्टी भिजवायची नाही. उरलेला तुकडा त्याच पाकिटात बंद करून ठेवा.

काढताना पट्टी वर न खेचता त्वचेला समांतर, हळू सोला. नवी लावण्याआधी किमान अर्धा तास त्वचा मोकळी ठेवा. आंघोळही याच वेळात उरका. वापरलेल्या पट्टीतही औषध उरलेलं असतं, त्यामुळे चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाका.

कधी थांबवायचं? डोळ्यांपेक्षा बोटावर विश्वास ठेवा. खपल्या गेल्या आणि बोट फिरवल्यावर उंचवटा लागत नसेल तर काम झालं. मागे उरणारा काळसर किंवा फिकट डाग अनेक महिने राहू शकतो. तो घालवायला पट्टी चालू ठेवली तर त्वचा पातळ होण्यापलीकडे काही मिळत नाही. पट्टी बंद केल्यावर पुढे काय लावायचं, तेही डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या, कारण अचानक थांबवल्यावर चट्टे उसळू शकतात.

पट्टीच्या नेमक्या चौकटीत लाली आणि खाज आली तर चिकट पदार्थाची ॲलर्जी असू शकते. केसांच्या मुळाशी पुळ्या, पांढरी पडून भिजलेली त्वचा, त्वचेवर ताणल्यासारख्या रेघा किंवा बारीक रक्तवाहिन्या दिसल्या तर पट्टी काढून डॉक्टरांना दाखवा. पू, ताप किंवा अंगभर पसरणारी लाली असेल तर त्याच दिवशी.