रात्री अकरानंतरची प्रार्थना

लहानपणी नगरच्या संडे स्कूलमध्ये आम्ही येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना एका दमात म्हणायचो. 'आम्हांस परीक्षेत आणू नकोस' ही ओळ आली की माझा आवाज आपोआप चढायचा, कारण ती गणिताच्या पेपरासाठी आहे अशी माझी पक्की समजूत होती. मार्च महिन्यात तर मी ती दोनदा म्हणायचो.

खरी परीक्षा पन्नाशी उलटल्यावर आली. मोबाइलवरची रमी. बायको झोपली की मी चार्जिंगचा फोन काढून गॅलरीत जायचो. शंभर रुपयांपासून सुरुवात केली आणि वर्षभरात अडतीस हजार घालवले. त्यात मुलीच्या नर्सिंगच्या फीचे वीस हजार होते. भलतंच कारण सांगून ते मेहुण्याकडून उसने आणले. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा आला, पैशांचे असले ऑनलाइन खेळ बंद झाले. ॲप गेलं, पण माझा अंगठा अजून स्क्रीनच्या त्याच कोपऱ्याकडे वळतो. तेव्हा प्रार्थना कायद्यानंतरही लागतेच. ती कशी करायची, त्यातलं मला जमलं तेवढं सांगतो.

आधी शब्द नीट समजून घ्या. ही ओळ बायबलात मत्तय ६:१३ मध्ये आहे, आणि 'परीक्षे'साठीच्या तिथल्या मूळ ग्रीक शब्दात पारखही येते आणि मोहही येतो. आपल्याकडे 'परीक्षा' म्हणतात, वसईकडचे कॅथलिक 'मोह' म्हणतात, दोन्ही बरोबर. घोटाळा होतो तो देवच आपल्याला मोहात ढकलतो असं कुणी धरून बसलं की. याकोबाच्या पत्रात (१:१३) ते साफ नाकारलेलं आहे. इटलीतल्या कॅथलिकांनी तर २०२० मध्ये उपासनेतली ही ओळ बदलून 'आम्हांला मोहाच्या हवाली करू नकोस' अशा अर्थाची केली. मला गॅलरीत देवानं नेलं नव्हतं. मीच गेलो होतो, चपलेचा आवाज न करता. त्याच वचनात पुढे येणारं 'वाइटापासून सोडव' हे 'त्या दुष्टापासून सोडव' असंही वाचता येतं. सैतान आहे हे मी मानतो, पण स्वतःचा अंगठा त्याच्या नावावर खपवत नाही.

मोह समोर येऊन बसल्यावर प्रार्थनेला लागणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. माझी वेळ अकराची, म्हणून मी दहाला बसतो. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं शिष्यांना 'परीक्षेत पडू नये म्हणून जागृत राहा व प्रार्थना करा' असं सांगितलं, ते त्याला धरायला शिपाई यायच्या आधी. शिष्य झोपले. त्याच रात्री कोंबडा आरवायच्या आत त्यांच्यातल्याच पेत्रानं 'मी येशूला ओळखत नाही' असं तीनदा म्हटलं.

आणि नाव घेऊन मागा. 'सर्व पापांपासून राख' असं गुळमुळीत बोलून मी वर्ष काढलं, त्याच वर्षात अडतीस हजार गेले. आता असं म्हणतो: "बापा, आज पगार झालाय. खात्यात पैसे आहेत. साहेब दुपारी बोलले ते अजून डोक्यात आहे. अकराला मला गॅलरीत जावंसं वाटेल. थांबायचं बळ माझ्यात नाही, तुझ्यात आहे. मला धरून ठेव." मोठ्यानं म्हणतो. मनातल्या मनात म्हटलं की मध्येच पत्ते दिसायला लागतात.

मग उठायचं. परीक्षेबरोबर तिच्यातून निभावण्याचा उपायही देव करील, असं बायबलात करिंथकरांस पहिल्या पत्रात (१०:१३) वचन आहे. उपाय म्हणजे काहीतरी प्रकाशबिकाश पडेल म्हणून मी वाट बघत होतो. निघाला पिठाचा डबा. दहा वाजता फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवायचा. तिकडे जायचं तर बायकोच्या उशाजवळचं दार उघडावं लागतं, आणि ते कुरकुरतं. ती कुरकुर म्हणजे माझ्या प्रार्थनेचं उत्तर, असं मी पाळकसाहेबांना म्हणालो. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. दाराला तेल घालायचं मी मुद्दाम टाळतो. योसेफाचंही बघा, उत्पत्ती ३९ मध्ये धन्याची, म्हणजे पोटीफराची, बायको गळ्यात पडू लागली तेव्हा तो तिच्या हातात वस्त्र सोडून पळाला. थांबून प्रार्थना केली असं तिथं लिहिलेलं नाही.

एका गोष्टीला जपा. आपल्यात देवाच्या राखणीचं स्तोत्र ९१ दारावर लावतात, वाईट स्वप्नं पडली की बायबल उशाखाली घेतात. त्याला माझी ना नाही. पण मंदिराच्या शिखरावर सैतानानं येशूला जे वचन ऐकवलं, ते ह्याच ९१ मधलं होतं: देवदूत तुला झेलतील, टाक उडी. आपल्या देवाची परीक्षा पाहायची नाही, असं उत्तर येशूनं जुन्या करारातल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकातूनच दिलं. मी ९१ पाठ म्हणून मग 'एकच डाव' खेळायला बसलो आहे, म्हणून हे सांगतो. स्तोत्राचा ताईत करून उडी मारली की आपण कुणाच्या शब्दावर उडी मारतो ते ध्यानात ठेवा.

आता सगळ्यात जड गेलेली गोष्ट. प्रार्थनेत 'मला' हा शब्दच नाही, 'आम्हांस' आहे. म्हणजे कुणातरी एकाला सांगावंच लागतं. मी मेहुण्याला सांगितलं. तो चहा ढवळत म्हणाला, "दाजी, तेव्हाच कळलं होतं. एवढे पैसे कुणी रविवारी रात्री मागतं का?" आता रोज रात्री अकराला त्याचा मेसेज येतो, नुसता '६:१३'. फोन डब्यावर असतो, त्यामुळे 'आमेन' मी सकाळी पाठवतो. रात्रीच पाठवला तर त्याचा लगेच फोन येतो.

घसरलात तर? फेब्रुवारीत मी घसरलो, क्रिकेटवर एकाशी पाचशेची पैज लावली. अशा वेळी प्रार्थनेत एक ओळ मागे जायचं. आधी भाकर आहे, मग ऋण, मग परीक्षा. 'आमची ऋणे आम्हांस सोड' यात मत्तयानं खऱ्या कर्जाचाच शब्द वापरला आहे, आणि माझ्यावर तर खरोखरचं कर्ज आहे. देवानं सोडलं म्हणून मेहुण्याचं बुडवायचं नसतं. "राहू द्या दाजी," म्हणतो तो, तरी मी महिन्याला दोन हजार देतो आणि वहीत लिहून त्याची सही घेतो. चार हप्ते झालेत. पाचवा ह्या पगाराला. पगाराच्या दिवशी त्याचा '६:१३' अकराची वाट बघत नाही, संध्याकाळी सातलाच येतो.