फराळाची ऑर्डर घेताय? आधी बॅच नंबर ठरवा

बचत गटाने दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घ्यायची म्हटलं की पहिली बैठक चकली कुणाची चांगली होते यावरच संपते. चकली सगळ्यांची चांगली होते. त्या बैठकीत ठरवायचं ते वेगळं: एका पदार्थाचं एकच प्रमाण. भाजणी एकत्र भाजा, एकाच गिरणीवर दळा आणि तिखट-मीठ-तेलासकट तोलून घरोघरी द्या. 1959 साली गिरगावात 80 रुपये उसने घेऊन सात बायकांनी लिज्जत सुरू केलं, तेव्हा सुरुवातीला त्याही भारी आणि हलके असे दोन दर्जांचे पापड करत होत्या. मग मिळालेला सल्ला मानून त्यांनी एकच दर्जा ठेवला. अनेक घरांतला माल एका नावाने विकायचा तर दुसरा रस्ता नाही.

अन्न सुरक्षेची नोंदणी जागेची असते, गटाच्या नावाची पाटी पुरत नाही. म्हणून तळणं जितक्या घरांत, तितक्या नोंदण्या. नाहीतर तळणं नोंदणी असलेल्या एकाच जागी करा. वजनकाट्यावर वैधमापनचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, मुदतीतला शिक्का बघा. ॲप्रन, टोपी, नखं यांबद्दल वेगळं लिहीत नाही.

लेबलवर नाव-पत्ता, 14 आकडी नोंदणी क्रमांक, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तारखा, शाकाहाराचं हिरवं चिन्ह. शेंगदाणे, गहू, दूध असेल तर ठळक लिहा, कुणाच्या तरी जिवाचा प्रश्न असतो. आणि बॅच नंबर. गेल्या वर्षी आम्ही सगळं छापलं, बॅच नंबरची जागा कोरी सोडली. एका गिऱ्हाइकाच्या चकलीला खवट वास आला. कुठल्या घरचा घाणा, कुठल्या डब्यातलं तेल, काही सांगता येईना. शेवटी सगळीच चकली परत घेतली. जिचं काम चोख होतं तिचीही मजुरी अडकली, आणि बायका एकमेकींकडे संशयाने बघायला लागल्या. पैसे पुढे भरून निघाले, तो संशय मात्र बरेच दिवस गेला नाही.

म्हणून नंबर साधा ठेवा: तारीख, घराचा आकडा, तेलाच्या डब्याचा आकडा. तळणारीनेच डबा भरताना चिठ्ठी टाकायची. ‘संध्याकाळी लिहिते’ हे उत्तर चालवून घेऊ नका, संध्याकाळी सगळे डबे सारखेच दिसतात. वहीत त्याच नंबरापुढे भाजणी कधी दळली, किती नेली, किती परत आली आणि पॅकिंग कुणी केलं ते लिहा. कुणाला पकडण्यासाठी हे नाही. एक घाणा बिघडला तर बाकीच्यांचं काम त्या वहीमुळे वाचतं, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना समजावून सांगा. नाहीतर नंबर लिहिणं म्हणजे अविश्वास असं वाटून कुणीतरी रुसते.

तेलावर काटकसर नको. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात खराब घटक वाढतात, त्यांना टोटल पोलर कंपाउंड म्हणतात; ती 25 टक्क्यांवर गेली की ते वापरायला बंदी आहे. घरी मीटर नसतो, त्यामुळे फेस टिकायला लागला, रंग गडद झाला, लवकर धूर यायला लागला की ते तेल बाजूला काढा. त्यात नवं तेल ओतून पुढे चालू ठेवू नका. तेलाचा डबा बदलला? बॅच नंबरही बदलला. तळलेलं वर्तमानपत्रावर निथळायला टाकू नका, शाई अन्नात उतरते.

पाकीट भरायची घाई सगळ्यात महागात पडते. चकली आतून कोमट असताना पिशवी सील केली की वाफ धरते आणि माल सादळतो. पाऊस लांबला तर आणखी काळजी. लिज्जतचं कामही पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने बंद होतं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणली, वर पापड, खाली स्टोव्ह. तुमच्याकडे कोरडी खोली कुठली, हे आत्ताच ठरवा. अनारशाचं पीठ आधी करून ठेवा, करंज्या शेवटी. सील करण्याआधी बॅच नंबरचा शिक्का. शिक्का नसेल तर पाकीट टेबलावरून हलवायचं नाही.

पैशांचा ठराव माल सुरू होण्याआधी इतिवृत्तात लिहा: किलोमागे मजुरी किती, वाटणी कधी, परत आलेल्या मालाचा भार कुणावर. नंतर बोललात तर भांडण ठरलेलं. अर्धी रक्कम आगाऊ घ्या, ओळखीच्यांकडूनही.

पोहोचवणं: खोके, दोरी, पत्त्यांची यादी, सुटे पैसे. प्रत्येक खोक्यात कुठले बॅच नंबर गेले ते यादीत पत्त्यासमोर लिहा. प्रत्येक बॅचचं एक पाकीट गटाकडे ठेवा आणि त्यावरची मुदत संपेपर्यंत ते कुणीही फोडू नका, पाहुणे आले तरी.