खडकावरचा मोठा स्कॅलप: ओळख बिजागरीपासून सुरू करावी

पवनीजवळच्या आमच्या गावातील शाळेत, वैनगंगेच्या वाळूतून मुलांनी वेचलेल्या शिंपल्यांशेजारी, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आलेला एक जाड, ओबडधोबड शिंपला ठेवलेला आहे. पहिल्यांदा पाहणारा त्याला दगडच समजतो. हा क्रॅसाडोमा जायगँटिया, म्हणजे खडकावर राहणारा मोठा स्कॅलप (सहसा पंख्याच्या आकाराचा समुद्री शिंपला) असून, प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी १८२५ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

त्याच्या बाह्य आकारावर विसंबू नये. लहानपणी हा जीव इतर स्कॅलपांप्रमाणे दोन्ही झडपांची, म्हणजे कवचाच्या दोन अर्ध्या भागांची, उघडझाप करून पोहतो. मात्र काही सेंटीमीटर वाढल्यावर उजवी झडप खडकाला कायमची जखडून घेतो आणि पुढे खडकाच्या खाचखळग्यांप्रमाणे वाढत जातो, त्यामुळे दोन नमुने क्वचितच सारखे दिसतात.

म्हणून शिंपला ओल्या फडक्याने पुसून प्रथम बिजागरीची आतली बाजू उजेडात धरावी. तेथे जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखा जांभळा डाग दिसला, तर ओळख जवळजवळ पक्की होते. त्यानंतर टोकाशी पिल्लाच्या अवस्थेतील नक्षीदार कवच आणि बिजागरीलगतचे ‘कान’, म्हणजे दोन बाजूंना निघालेले चपटे भाग, शोधावेत. जुन्या नमुन्यांत ते झिजलेले असू शकतात. आतील पांढऱ्या पृष्ठभागावर झडपा मिटणाऱ्या स्नायूचा एकच मोठा वण असतो, तर आपल्या नदीतील लांबट, आतून मोत्यासारख्या चकाकणाऱ्या शिंपल्यात पुढे व मागे असे दोन वण असतात. दोन्ही शिंपले शेजारी ठेवून हा फरक बोटाने चाचपून पाहावा. मुलांच्या तो असाच लक्षात राहतो.

वर्णन लिहिताना झडप डावी की उजवी, उंची व रुंदी मिलिमीटरमध्ये, फासळ्या, काटे आणि रंग यांची नोंद करावी. हा शिंपला २५ सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतो, त्यामुळे केवळ ‘मोठा’ असे लिहून भागत नाही. भुंगा लागलेल्या तुरीच्या दाण्याला पडतात तशी बारीक गोल छिद्रे बाहेरून दिसल्यास तीही नोंदवावीत; ती बहुधा कवच पोखरणाऱ्या स्पंजाची असतात आणि त्यांना जातीचे लक्षण मानू नये. जिवंत प्राण्याच्या कडेचा नारिंगी रंग कितीही प्रसिद्ध असला, तरी कोरड्या कवचाच्या वर्णनात तो घालू नये.

वर्णनाची चिठ्ठी शिंपल्यासोबतच ठेवावी आणि तो नेमका कोठे सापडला हे माहीत नसेल, तर ‘ठिकाण अज्ञात’ एवढेच लिहावे.