पार्किन्सन आणि बीपीची गोळी : या चुका टाळा

‘बीपीची अमुक गोळी घ्या, पार्किन्सन थांबतो’ असा मेसेज घरच्या ग्रुपवर आला की आशा वाटतेच. त्यामागे खरं संशोधन आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो.

रक्तदाब घसरला की मूत्रपिंड रेनिन सोडतं आणि त्यातून पुढे अँजिओटेन्सिन-२ तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं. हीच यंत्रणा मेंदूतही स्वतंत्रपणे चालते. डोपामिन म्हणजे हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन; पार्किन्सनमध्ये ते बनवणाऱ्या पेशी मरत जातात. या पेशींवर अँजिओटेन्सिनचे एटी-१ ग्राही, म्हणजे त्याचा संदेश पकडणारे रेणू, असतात; ते फार चेतले तर ऑक्सिडीकरणाचा ताण आणि दाह वाढतो. डोपामिन कमी झालं की ही यंत्रणा आणखी चेकाळते. स्पेनमधल्या सांतियागो दे कॉम्पोस्तेलाच्या संशोधकांनी प्राण्यांवर हे बारकाईने तपासलं. कँडेसार्टन या बीपीच्या औषधाने एटी-१ अडवल्यावर त्या पेशी कमी मेल्या. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या गटाने मरणोत्तर मेंदूंतल्या एकेका पेशीत कोणती जनुकं चालू होती ते तपासलं. पार्किन्सनमध्ये सर्वाधिक मरणाऱ्या डोपामिन पेशींची एक खूण निघाली ती एटी-१ चं जनुक.

पहिली चूक इथेच होते. खूण सापडली म्हणजे कारण सापडलं असं नाही, आणि प्राण्यांत जे दिसलं ते माणसात सिद्ध झालेलं नाही. कँडेसार्टनसारखी सार्टन गटातली कुठलीही गोळी पार्किन्सनवरचा मान्य उपचार नाही. बीपी नसताना ती सुरू करणं किंवा शेजाऱ्यांची पट्टी मागून आणणं धोक्याचं आहे.

त्याहून मोठी चूक बहुतेक घरांत रोज होते : बीपी फक्त बसवून मोजणं. पार्किन्सनमध्ये उभं राहताना रक्तवाहिन्या आवळायला लावणारे मज्जातंतूच अशक्त होतात. लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या नेहमीच्या औषधानेही बीपी उतरू शकतं. त्यात दहा वर्षांपूर्वी ठरलेली बीपीची गोळी त्याच डोसात चालूच असते. बसून १३० भरणारे आजोबा सकाळी संडासला जाताना कोसळतात आणि घरचे म्हणतात, ‘पाय लटपटले.’ पाच मिनिटं आडवं ठेवून मोजा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. जवळ कुणीतरी धरायला हवंच. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा. चक्कर येत नसली तरी कळवा. अनेकांना ती जाणवतच नाही.

आकडा उतरलेला दिसला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. अशाच काही रुग्णांचं बीपी आडवं पडल्यावर उलट चढतं, म्हणून रात्रीचा आकडाही हवा. लेव्होडोपा तर अचानक कधीच थांबवू नये. ताप, ताठरपणा आणि गोंधळलेपण येऊन जिवावर बेतू शकतं.

मेंदूचे डॉक्टर वेगळे, बीपीचे वेगळे आणि दोघांना एकमेकांची चिठ्ठी माहीत नाही, हे नेहमीचंच. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून दोघांकडे न्या. डायरीत गोळीची आणि जेवणाची वेळही लिहा, कारण पोटभर जेवल्यावरही बीपी उतरतं. लघवीच्या त्रासावरची प्रोस्टेटची गोळीही दाखवायला विसरू नका. तीही बीपी पाडू शकते.