पचनसंस्था शिकायला भडंगाचा एक घास पुरे

सांगलीत नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला किंवा अकरावी-बारावीला पचनसंस्था आली की बहुतेक मुलं विकरांचा (एन्झाइमांचा) तक्ता पाठ करतात आणि परीक्षेत जठर की आतडं, इथेच अडकतात. त्यापेक्षा भडंगाचा एक घास घ्या आणि त्याच्या मागे जा. चुरमुऱ्यात पिष्ट, शेंगदाण्यात प्रथिनं, वर तेल. तिन्ही गोष्टी एका मुठीत.

लाळेतलं अमायलेज चुरमुऱ्यातलं पिष्ट तोडून माल्टोज करायला लागतं, पण जठरातल्या आम्लात (सामू म्हणजे pH २ च्या आसपास) ते बंद पडतं. उरलेलं काम स्वादुपिंडाचं अमायलेज लहान आतड्यात करतं. शेंगदाण्याची प्रथिनं आधी पेप्सिन आणि मग ट्रिप्सिन तोडतं. ही दोन्ही विकरं निष्क्रिय रूपात का स्रवतात, हे नीट समजून घ्या: नाहीतर ती बनवणाऱ्या पेशींनाच पचवतील. ट्रिप्सिन स्वादुपिंडातच जागं झालं तर स्वादुपिंडाला सूज येते. पित्तात मात्र चरबी पचवणारं विकर नसतं. पित्त तेलाचे बारीक थेंब करतं, म्हणजे चरबी तोडणाऱ्या लायपेजला भरपूर पृष्ठभाग मिळतो.

खरी गफलत शोषणात होते, म्हणून निम्मा वेळ तिथे द्या. ग्लुकोज सोडियमच्या जोडीने पेशीत शिरतं. फ्रुक्टोजला सोडियम लागत नाही. ओआरएसच्या (जुलाबात देतात त्या क्षार-साखरेच्या पाण्याच्या) १ लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ एकत्र असतं ते याचसाठी, कारण त्यांच्यामागे पाणीही आत ओढलं जातं. ग्लुकोज आणि अमिनो आम्लं यकृत निवाहिका शिरेने (पोर्टल व्हेनने) थेट यकृताकडे जातात. तेलाची वाट वेगळी: आतड्याच्या पेशीत चरबी पुन्हा जुळते, कायलोमायक्रॉन नावाचे चरबीचे कण बनतात आणि ते लसिकावाहिनीत (लिम्फच्या नळीत) जातात. आकृतीत हा बाण रक्तकेशिकेकडे काढला की गुण गेले.

प्रात्यक्षिकाला १ टक्का पिष्टद्रावण आणि लाळ ३७ अंशांवर ठेवा. दर २ मिनिटांनी एक थेंब टाइलवरच्या आयोडीनमध्ये टाका; पिष्ट उरलं असेल तर निळा रंग येतो. आयोडीन परीक्षानळीत ओतू नका. शेजारी उकळून गार केलेल्या लाळेची नळी हवीच, तिच्यात निळा रंग टिकला पाहिजे. पिष्ट गरम असेल तर विकर नसतानाही निळा रंग जातो, म्हणून आधी गार होऊ द्या. पहिल्याच थेंबाला रंग आला नाही तर लाळ फार तीव्र आहे, ती दहापट पातळ करून पुन्हा लावा.